कांबळे सिस्टरांची पाठ

“आली गं पाठवाली! सुवर्णे, पाय धुऊन ये.”

घरातून हा आवाज आला तेव्हा मी अंगणात दोन सायकली धरून उभी होते. माझ्याबरोबरच्या बाईंनी तो ऐकला, न ऐकल्यासारखं केलं आणि ओसरीवर सरळ पालथ्या झोपल्या. आतून एक मुलगी ओल्या पायांनी आली. तिनं बाईंच्या कमरेवर उजवा पाय तीनदा हलकेच ठेवला. “गेली बघ चमक!” म्हणत बाई उठल्या, पदर झटकला आणि चहाची वाट बघत बसल्या.

ती मुलगी, सुवर्णा, पायाळू. जन्मताना ज्याचे पाय आधी येतात त्यानं पाय लावला की पाठीत भरलेली चमक निघते, असं आमच्याकडे मानतात. तेव्हा त्यात नवल काही नव्हतं. नवल हे, की पालथ्या झोपलेल्या बाई कांबळे सिस्टर होत्या.

सिस्टर मंगळवार पेठेत आमच्या समोर राहायच्या. सरकारी नर्स म्हणून निवृत्त झालेल्या, एकट्या. घरात बुद्धाची एक तसबीर, एक पलंग आणि एक काळी लेडीज सायकल. अंधश्रद्धेवर त्यांचा एवढा राग, की गल्लीत कुणी नव्या स्कूटरला लिंबू-मिरची बांधली की त्या लिंबू सोडवून घेऊन जायच्या आणि पोह्यावर पिळायच्या. वर मालकाला सांगायच्या, “आंबट हुतं चांगलं. फुडच्या टायमाला दोन बांध.”

दोन हजार साल नुकतंच उलटलं होतं. पप्पांनी मला अठरा गिअरची सायकल घेऊन दिली होती. मी तिच्यावरून कॉलेजला जायचे आणि यायचे. शाळा इंग्रजी माध्यमाची, स्वभाव मुळातच घुमा. त्यामुळे वाटेत कुणी भेटलं तर थांबून बोलावं लागू नये म्हणून मी जोरात पेडल मारायचे. एक दिवस सिस्टर आडव्याच आल्या.

“अठरा गिअर! आन् जातीस कुठं? कालिजला!” त्यांनी टायर दाबून पाहिला. “हवा कमी कर. रविवारी साडेपाचला ये.”

नाही म्हणायलासुद्धा बोलावं लागतं, म्हणून मी गेले.

सिस्टरांचं डांबराशी वैर होतं. गारगोटीपर्यंत आम्ही एसटीनं जायचो, सायकली टपावर टाकून. कंडक्टर दर वेळी ओरडायचा, “बाई, ही एसटी हाय का ट्रक?” सिस्टर वर चढून स्वतः दोरी बांधायच्या आणि वरूनच उत्तर द्यायच्या, “ट्रक आसता तर येळेवर पोचला आसता की!” गारगोटीच्या पुढे मात्र पक्का रस्ता दिसला की त्यांचं तोंड वाकडं व्हायचं. “डांबरावर नुस्ती गाडी भेटती. माणूस भेटतोय ते मुरमावर.” मग त्या वेदगंगेच्या खोऱ्यात कुठंतरी लाल मुरमाच्या वाटेला हँडल वळवायच्या. एका बाजूला डोंगर, दुसऱ्या बाजूला भाताची खाचरं, खाली खडखडणारी खडी. चढावर त्या उतरायच्या नाहीत. दम लागला की मोठ्यानं बडबडायच्या, बडबडीनं दम परत येतो म्हणे. मागून मी गिअर बदलत धापा टाकत असायचे. “गिअर खाली कर आन् तोंड वर कर. दरी बघायला आलीस का चाक?”

रस्त्यांना त्यांची नावं होती. आज जुळ्यांच्या फाट्यावरनं जाऊ, परतताना दुपट्याची चढण घेऊ. मला वाटलं, ही नकाशावरची नावं. एकदा सिस्टर पाणी भरायला गेल्या असताना गारगोटीच्या स्टँडवर मी सगळं धैर्य गोळा करून एका म्हाताऱ्यांना विचारलं, जुळ्यांचा फाटा किती लांब? ते बराच वेळ विचार करून म्हणाले, “पावणं, सत्तर वर्सं झाली मला हितं. आसला फाटा भुदरगड तालुक्यात न्हाय.”

तो होता. तिथल्या एका घरातून दोन दांडगे तरुण धावत आले आणि सिस्टरांच्या सायकलीला लोंबकळले. त्यांच्या आईनं आम्हाला आंबोळ्या खाऊ घातल्या. तेव्हा मला कळलं, की सिस्टरांचा नकाशा त्यांनी केलेल्या बाळंतपणांचा होता. जुळी झाली तो फाटा. अर्ध्या वाटेतच बाळ झालं आणि कुणाच्या तरी सासूनं लुगड्याचा पदर फाडून दुपटं केलं ती चढण. त्या खोऱ्यात त्यांना सगळे ओळखायचे.

एका सुवर्णाच्या घराखेरीज. तिथं त्या फक्त पाठवाली मावशी होत्या. महिन्यातून एकदा पाठ धरायची, ती नेमकी त्या अंगणात. सुवर्णाची आई चहा देता देता दर वेळी तीच गोष्ट सांगायची.

“माझ्या म्हायेरात झाली ही. उलटी. निळी पडलेली, रडंना का काय! मी ग्लानीत. पर गारगोटीचा मोठा डॉक्टर जीप घिऊन आला म्हणं. त्यानं पोरीच्या तोंडात फुकून जीव घातला बघा.”

“मोठाच आसणार,” सिस्टर बशीत चहा ओतत म्हणायच्या.

“देवमाणूस!”

“तर!”

चौथ्या की पाचव्या वेळी, परतीच्या उतारावर, सिस्टर एकदम ब्रेक लावून थांबल्या. एका दगडावर बसून त्यांनी चपलेतला खडा काढला. बराच वेळ काढत राहिल्या.

“जीप न्हवती,” त्या म्हणाल्या. “पूल व्हावून गेलता. जीप कुठनं येणार? सायकल हुती. चेन दोनदा पडली.”

त्यांनी दुसरीही चप्पल काढून झटकली.

“पोरीच्या आजीनं तेवढं बघितलतं मला. ती म्हातारी म्होरल्याच वर्सी गेली. मग कुणीतरी डॉक्टर केला, कुणीतरी जीप आणली.” त्या हसल्या. “सात वर्सांनी म्हटलं बघून तर येऊ. पोरगी दारात उभी. काय बोलावं सुचंना. म्हणालो, पाठ धरलीया, पाणी द्या. तर आई म्हणती, आमची पायाळूच हाय, झोपा पालथं. झोपलो.”

“मग सांगत का नाही?” मी विचारलं.

“आपणहून सांगायचं म्हंजे मागायला गेल्यागत हुतंय. वळखलं तर वळखलं.” मग माझ्याकडे बोट रोखून म्हणाल्या, “आन् तू कुठं बोलू नकोस. तू बोलत न्हाईस म्हणून तर तुला सांगितलं.”

मला ते कौतुक वाटलं आणि जरा लागलंही.

पुढच्या माघात सुवर्णाचं लग्न ठरलं. मुलगा शिरोळचा. ही बातमी कळल्यापासून सिस्टर शिरोळवर घसरल्या होत्या. “काय हाय शिरोळात? ऊस आन् ट्रॅक्टर. चढ न्हाय, उतार न्हाय, सगळं ताटागत सपाट. सायकल चालवून करायचं काय माणसानं?”

लग्नाआधीच्या शेवटच्या रविवारी आम्ही गेलो. सिस्टर ओसरीवर पालथ्या झोपल्या. सुवर्णानं पाय ठेवला आणि या वेळी जरा जास्त वेळ ठेवला.

“मावशी, आता पाठ धरली तर?”

“आता न्हाय धरायची. वय झालं तिचं बी.”

आत पत्रिकेचा मजकूर लिहायचं चाललं होतं. सुवर्णाची आई कागद-पेन घेऊनच बाहेर आली. संध्याकाळी कागद छापखान्यात जायचा होता. “आमच्या ह्यांचं म्हणणं हाय, आशीर्वादात पयलं नाव त्या डॉक्टरचं घालूया. ज्यानं पोरगी दिली त्येचं. पर कुणालाच नाव ठावं न्हाय बघा. म्हायेरात इचारलं, दवाखान्यात इचारलं. मोकळीच सोडतो ती ओळ.”

“सोडा की,” सिस्टर म्हणाल्या. “डॉक्टरला काय पत्रिकेचं.” त्या उठल्या, अंगणात आल्या आणि सायकलीच्या कॅरिअरला बांधलेला पंप सोडून परत बांधू लागल्या. त्यांची पाठ आमच्याकडे होती. गाठ बसत नव्हती.

मी सायकली धरून उभी होते. पप्पांच्या पाहुण्यांसमोरही ज्या मुलीचा आवाज फुटत नसे, तिचा आवाज त्या अंगणात मलाच केवढा मोठा वाटला.

“काकू, ओळ मोकळी सोडू नका. नाव मला माहीत आहे. लिहा : सिस्टर अनुसया कांबळे.”