कोरड्या लाकडाची करवत

"झाड ना, कापू की या रविवारी," असं अच्युत दिघे बोलून गेला तेव्हा त्याच्या तोंडात पोह्यांचा घास होता. तो घास नसता तर त्याने वाक्य पुरं केलं असतं, म्हणजे "कोणाकडून तरी कापवून घेऊ." पण घास गिळेपर्यंत घरमालक जयसिंगरावांनी "शाबास" म्हणत त्याच्या पाठीवर अशी थाप मारली की घासाबरोबर उरलेलं वाक्यही पोटात गेलं.

इंदूरच्या रामबागेत जयसिंगरावांच्या घरी अच्युत आणि त्याची बायको शशिकला मागच्या दोन खोल्यांत भाड्याने राहत. जयसिंगराव होळकरांच्या रिसाल्यातून निवृत्त झालेले. घोडा गेला, रिसाला गेला, संस्थान जाऊन मध्यभारत आलं, पण आवाज मात्र अजून परेड ग्राउंडवरचाच होता. तो फक्त एका माणसापुढे खाली यायचा, ते माणूस म्हणजे त्यांच्या पत्नी इंदिराबाई, ज्यांना सगळे काकीसाहेब म्हणत.

काकीसाहेब श्रावणात न्हाणीघरात घसरल्या आणि मांडीचं हाड मोडलं. दिवाळीनंतर डॉक्टर म्हणाले, "हाड जुळलंय, आता चाला." काकीसाहेबांनी जमिनीवर पाऊल टेकलं, भिंत धरली आणि परत खाटेवर बसल्या, त्या आता माघ संपत आला तरी बसूनच होत्या. डॉक्टर म्हणत भीती आहे, काकीसाहेब म्हणत हाड आहे. संध्याकाळी खाटेशेजारच्या खुर्चीत बसून जयसिंगराव बायकोच्या पायांकडे बघत राहायचे, ते शशिकलेला बघवत नसे.

आता काकीसाहेबांच्या खोलीवर अंगणातला शिरीष थोडा झुकलेला होता. पानं सगळी गळालेली, नुसत्या वाळक्या शेंगा, आणि जरा वारा आला की त्या खुळखुळायच्या. "हे वाळलेलं झाड एक दिवस माझ्या अंगावर पडणार," असं काकीसाहेबांनी डोक्यात घेतलं. झाडं तोडणाऱ्या मांगीलालला निरोप गेला, तो म्हणाला होळीनंतर येतो. आणि मग ते पोहे झाले.

"पण तुम्हाला येतं का झाड कापायला?" रात्री शशिकलेने विचारलं.

"अगं, मी जंगल खात्यात आहे."

"तुम्ही टाइपिस्ट आहात."

हे खरं होतं, पण पुरतं खरं नव्हतं. गेल्याच महिन्यात अच्युतने एक इंग्रजी सर्क्युलर टाइप केलं होतं: कोणत्या लाकडाला कोणती करवत घ्यावी आणि तिला धार कशी लावावी. दोनदा केलं होतं, कारण पहिल्यांदा साहेबांच्या नावातलं एक अक्षर उडालं होतं. एखादी गोष्ट दोनदा टाइप केली की ती आपल्याला येते, अशी त्याची प्रामाणिक समजूत होती. (याच हिशेबाने त्याला विहिरी खणणं, रेशीम पैदास आणि हत्ती पकडणंही येत होतं.)

शनिवारी त्याने लाकडाच्या टालीवरून दोन माणसांनी ओढायची करवत मागून आणली. पुरुषभर लांब, दोन्हीकडे मुठी, आणि दातांवर तांबूस गंज. तिकोनी कानस घेऊन तो ओट्यावर बसला आणि शशिकलेला समजावू लागला.

"बघ, करवतीचा एक दात डावीकडे वाकवलेला असतो, एक उजवीकडे. म्हणजे चीर पात्यापेक्षा रुंद पडते आणि पातं मोकळं चालतं. पण वाळलेल्या कठीण लाकडाला दात फार वाकलेले नकोत. जवळजवळ सरळ, आणि टोकं बारीक. चीर अरुंद, मेहनत कमी."

"आणि लाकूड ओलं असलं तर?"

"ते वेगळं," अच्युत म्हणाला आणि जोरात कानस घासू लागला.

दात सरळ करायला त्याने हातोडी वापरली. दुपारपर्यंत सगळे दात नाकासमोर बघणाऱ्या सज्जन मुलांसारखे एका ओळीत आले. त्याच्या बोटांना तीन चिंध्या बांधाव्या लागल्या, पण धार अशी होती की चौथी चिंधी फाडायला करवतच वापरली.

रविवारी सकाळी जयसिंगराव जुने ब्रीचेस घालून हजर. झाड मोकळ्या अंगणाच्या बाजूला पडावं म्हणून शेंड्याला दोर बांधून तो फाटकाच्या दगडी खांबाला ताणला होता. करवतीच्या एका मुठीला जयसिंगराव, दुसऱ्या मुठीला अच्युत.

"काकासाहेब, आपण फक्त ओढायचं. ढकलायचं नाही. मी ओढतो तेव्हा तुम्ही सैल सोडा."

"सैल?" जयसिंगरावांना हा शब्द आवडला नाही. "मी आयुष्यात लगाम सैल सोडला नाही."

त्यांनी सोडलाही नाही. पाव तास करवत जागच्या जागी वाजत राहिली. मग शशिकला ओसरीवरून "आता तुम्ही, आता काकासाहेब" असं म्हणू लागली, तेव्हा कुठे लय लागली. साल गेली. दोन बोटं कोरडं लाकूड भुरभुर पडलं आणि अच्युतने बायकोकडे विजयी नजरेने पाहिलं. त्यानंतर भुसा भुरभुरेना. पिवळसर, ओलसर भुसा कणकेसारखा करवतीला चिकटून येऊ लागला. अच्युतने तो चिमटीत घेतला. त्याची गोळी झाली.

"अहो, हे झाड जिवंत आहे," शशिकला म्हणाली.

"वाळलंय. पानं कुठे आहेत?"

"शिरीषाची पानं थंडीत गळतातच. चैत्रात परत येतात. माहेरी आमच्या दारात होता."

हे तिने शनिवारी का सांगितलं नाही, असं त्याने विचारलं. शनिवारी तिने विचारलं होतं, असं ती म्हणाली.

बुंधा निम्म्याहून जास्त कापला गेला आणि करवत थांबली. ओल्या भुशाने चीर गच्च भरली होती. दोघांनी ओढली, दोघांनी ढकलली, जयसिंगरावांनी तिला फौजेतल्या दोन शिव्याही दिल्या. ती हलेना.

"सर्क्युलरमध्ये ओल्या लाकडाचं काय लिहिलं होतं?" शशिकलेने विचारलं.

अच्युतने चष्मा काढून पुसला. "ते तिसऱ्या पानावर होतं," तो हळूच म्हणाला. "तिसरं पान कचेरीतल्या शरदने टाइप केलं."

तेवढ्यात वारा आला. शेंगा खुळखुळल्या आणि त्यांच्या खालून एक निराळाच आवाज आला, जुनं दार हळू उघडावं तसा. झाड वीतभर काकीसाहेबांच्या खोलीकडे सरकलं आणि खांबाचा दोर तारेसारखा ताठ झाला. जयसिंगरावांचा चेहरा पांढरा पडला. आपण काय करून ठेवलंय ते अच्युतला त्या एका क्षणात पुरतं कळलं.

"मांगीलालला आणते," म्हणून शशिकला पदर खोचून रस्त्याला लागली. हे दोघे खोलीत धावले.

"काकीसाहेब, घाबरू नका, तुम्हाला खाटेसकट बाहेर नेतो," अच्युत म्हणाला.

"घाबरले कोण?" काकीसाहेब म्हणाल्या. "काय केलंत तुम्ही?"

उत्तर द्यायला वेळ नव्हता. खाट उचलली. ती दारात अडकली, कारण ती खोलीतच विणली होती आणि दारातून कधी गेलीच नव्हती. मागे घेतली. तिरकी केली. जयसिंगराव पुढे, पाठ बाहेरच्या बाजूला आणि नजर पायाखालच्या उंबऱ्यावर. अच्युत मागे, डोकं खाली आणि नजर खाटेच्या पायावर.

"डावीकडे घ्या."

"कोणाच्या डावीकडे?"

"काकीसाहेब, घट्ट धरा, आता आडवी करतो." बाहेर पुन्हा कडकड झाली. "घट्ट धरा."

"आधी मागचा पाय सोडवा," काकीसाहेबांचा आवाज आला. "तो कडीत अडकलाय."

अच्युतने पाय सोडवला. मग त्याच्या लक्षात आलं की आवाज बाहेरून आला. त्याने मान वर केली. खाटेवर फक्त गोधडी होती. अंगणापलीकडे, फाटकाच्या बाहेर, एका हातात देव्हाऱ्यातला बाळकृष्ण आणि दुसऱ्या हातात पानाचा डबा घेऊन काकीसाहेब उभ्या होत्या. दोन्ही पायांवर. भिंत नाही, काठी नाही. खाट तिरकी होत असतानाच त्या घरातल्या मधल्या दाराने चालत गेल्या होत्या.

जयसिंगरावांनी खाट सोडली. ती अच्युतच्या पायावर पडली, पण तो कळवळलाही नाही. म्हातारा चालत फाटकापर्यंत गेला आणि बायकोसमोर उभा राहिला. परेड ग्राउंडचा आवाज कुठल्या कुठे गेला होता.

"दुखतंय का?"

काकीसाहेबांनी खाली पायांकडे बघितलं, जणू ते दुसऱ्या कोणाचे होते. "थोडं," त्या म्हणाल्या. मग जरा थांबून, "फार नाही."

जयसिंगरावांनी त्यांच्या हातातला पानाचा डबा घेतला. बाळकृष्ण त्यांनी दिला नाही.

मांगीलाल आला, त्याने झाडाभोवती एक चक्कर मारली आणि अच्युतकडे पाहिलं. "बाबूजी, यो तो हरो झाड़ हे. आरी के दाँत किसने सीधे कर दिए?"

अच्युत आपल्या पायाला फुंकर घालत होता. त्याला ते फार लक्ष देण्याचं काम वाटलं.

मांगीलालने आधी दुसरा दोर बांधून ताणला. चिरेत लाकडी पाचर ठोकली, तशी चीर उघडली आणि करवत सुटली. मग त्याने तिचे दात एकाआड एक चांगले बाहेर वाकवले, दातांमधली भुसा बाहेर जायची घळ कानशीने खोल केली, पात्याला घासलेट चोळलं. ज्या कामाला अच्युतला अर्धा दिवस लागला ते त्याने दोन बिड्यांत उरकलं. पुढच्या काही मिनिटांत शिरीष मोकळ्या अंगणात, अगदी मांगीलालने बोट दाखवलं होतं तिथे, आडवा झाला. नुकसान काय, तर धुण्याची दोरी तुटली आणि अच्युतची कचेरीची विजार झाडाखाली गेली.

त्या संध्याकाळी काकीसाहेब स्वतःच्या पायांनी चुलीपर्यंत आल्या आणि त्यांनी सगळ्यांना चहा केला. चहात साखर विसरल्या, आणि जयसिंगराव तीन कप प्याले. शशिकलेने नवऱ्याच्या सुजलेल्या अंगठ्याला हळद लावली. लावता लावता ती मधेच हसली. आपल्याला माफ केलं गेलंय हे अच्युतला कळलं आणि त्याने चार दिवसांत पहिल्यांदा सुखाने श्वास सोडला.

पुढच्या रविवारी सकाळी मागच्या गल्लीतले मालोजीराव आले. बसले, खोकले, आणि आवाज खाली आणून म्हणाले, "काकीसाहेब काल देवळात भेटल्या. चालत आल्या होत्या. म्हणाल्या, सगळं अच्युतरावांमुळे."

"छे हो," अच्युत म्हणाला, पण पाठ ताठ झाली.

"आमच्या आत्याबाई दोन वर्षं अंथरुणावर आहेत. वैद्य म्हणतात, काही झालेलं नाही. त्यांच्या खोलीवर चिंचेची एक मोठी फांदी आहे. हिरवीगार."

"काही काळजी करू नका," अच्युत म्हणाला. "ओल्या लाकडाचं मला आता पक्कं कळलंय. दात रुंद वाकवायचे, घळ खोल ठेवायची. आज दुपारीच करवत तयार करतो."

मालोजीराव गडबडले. त्यांनी अच्युतच्या हातावर हात ठेवला.

"नाही नाही, भिया, तेवढं करू नका. तिकडे करवतीला जशी धार लावली होती, तशीच लावून आणा. मांगीलालला आम्ही तुमच्यानंतर अर्ध्या तासाने बोलावलंय."