डावा डोळा, उजवा डोळा आणि वाघ

एका जंगलात, बाळांनो, गणोजी नावाचा एक वानर होता. उंच झाडाच्या शेंड्यावर बसायचं आणि वाघ दिसला की ओरडायचं, हे त्याचं काम. खाली चितळांचा कळप त्याच्या भरवशावर निवांत चरायचा.

पुढे गणोजीचे दोन्ही डोळे सारखे वाहू लागले. तुम्ही रडता तेव्हा नाक का गळतं, ठाऊक आहे? डोळ्यातलं पाणी नाकात उतरायला एक बारीक नळी असते. गणोजीच्या नळ्या वयोमानाने तुंबल्या होत्या. सगळं पाणी गालावर, आणि समोरचं सगळं धूसर! एकदा त्याने वाळल्या गवताला वाघ म्हटलं आणि कळप उगाच धावला. पुढच्या वेळी त्याने वाघालाच वाळलं गवत म्हटलं.

त्या दिवशी चंद्री नावाची हरिणी पाडसासकट थोडक्यात वाचली. ती झाडाखाली येऊन म्हणाली, "गणोजीकाका, तुमच्यावर राग नाही. पण डोळे नीट करून घ्या, नाहीतर खाली उतरा. माझं लेकरू तुमच्या भरवशावर चरतं हो."

गणोजीच्या ते फार जिव्हारी लागलं. तो तडक वैद्य टोकऱ्यांकडे गेला. टोकरे म्हणजे सुतारपक्षी.

"सोपं आहे," टोकरे म्हणाले. "नाकाच्या कडेला बाहेरून चीर द्यायची, हाडाला भोक पाडायचं, पाण्याला नवी वाट. डाग राहील बारीकसा. पण तुला काय आता बोहल्यावर चढायचंय?"

शेजारच्या फांदीवर बाकदार चोचीची शिंजीरबाई बसली होती. इवलासा पक्षी, पण आवाज केवढा! "अहो, तोंड कशाला फाडता त्याचं? मी नाकपुडीतून आत जाते, आतल्या आत वाट करते. डाग नाही की काही नाही. पुढे काही दिवस नाक तेवढं धुवायचं."

"पण बरं कशानं वाटेल?" गणोजीने विचारलं.

"दोन्हींनी वाटतं," दोघांच्याही तोंडून निघून गेलं. मग दोघंही ओशाळली आणि पुन्हा भांडू लागली.

तेवढ्यात कोल्हा आला. त्याला कसलं दुखणं नव्हतं आणि कसलं औषधही येत नव्हतं, म्हणून जंगलातल्या सगळ्या समित्यांचा तोच अध्यक्ष होता. त्याने तोडगा काढला. डावा डोळा टोकऱ्यांचा, उजवा शिंजीरबाईंचा. नंतर परिसंवाद घेऊन श्रेष्ठ कोण ते ठरवायचं.

दोन्ही शस्त्रक्रिया झाल्या आणि, काय सांगू, दोन्ही झकास झाल्या. पाणी थांबलं. गणोजीला पलीकडच्या टेकडीवरचं पान न् पान दिसू लागलं. चंद्री पाडसाला घेऊन पुन्हा झाडाखाली चरू लागली. गणोजीला आनंदाने नाचावंसं वाटलं.

बाकी सगळे मात्र हिरमुसले. दोन्ही डोळे बरे झाले तर तुलना कशी करायची?

परिसंवाद त्याच झाडाखाली भरला. शाल झाली, श्रीफळ झालं, कोल्ह्याचं प्रास्ताविक सुरू झालं. इतक्यात वरून गणोजी ओरडला, "वाघ! नाल्याकडून येतोय! पळा!"

चंद्रीने पाडसाला पुढे घातलं आणि धूम ठोकली.

"थांबा!" कोल्हा म्हणाला. "कोणत्या डोळ्याने दिसला?"

"दोन्ही डोळ्यांनी! पळा रे!"

"असं मोघम नको. उजवा झाक बघू."

गणोजीने घाईघाईने उजवा डोळा झाकला. "दिसतोय!"

"आता डावा झाक."

"दिसतोय! केवढा मोठा दिसतोय!"

शिंजीरबाईच्या बाजूने टाळ्यांचा कडकडाट झाला. "उजव्या डोळ्याने वाघ मोठा दिसतो," असं कोल्ह्याने जाहीर केलं.

"हरकत आहे!" टोकरे कडाडले. "मधल्या वेळात वाघ पुढे सरकला. त्याला पुन्हा जागेवर उभा करा!"

"रास्त सूचना आहे," असं म्हणत कोल्हा वाघाला सांगायला मागे वळला. वाघ अगदी मागेच होता.

वाघाने अध्यक्षांना मानेला धरून उचलून नेलं. दोन्ही वैद्य भुर्रकन उडून गणोजीच्या दोन बाजूंना येऊन बसले. ज्याच्यासाठी गणोजीने डोळे बरे करून घेतले, ते ओरडणं चंद्रीखेरीज कुणी ऐकलंच नव्हतं.

टोकऱ्यांनी घसा साफ केला. "गणोजी, घाबरू नकोस. फक्त एवढंच सांग, जाताना कोणत्या डोळ्याने स्पष्ट दिसला?"

तात्पर्य : बाळांनो, वाघ दिसला की लगेच पळत सुटू नये. तो कोणत्या डोळ्याने दिसला, हे आधी शास्त्रशुद्ध ठरवावं. पळून जाणाऱ्या चंद्रीसारख्यांमुळेच परिसंवादाला श्रोते मिळत नाहीत.