फुकटच्या किमचीचा सुकाळ

"आणखी किमची?" मेंग आजींनी दार अर्धंच उघडलं. "परवा सिमेंटवाले देऊन गेले, काल बँकवाले. आता काय तिच्यात आंघोळ करू?"

दारात विमा कंपनीचे प्यो साहेब दोन्ही हातांत कोबीच्या त्या तिखट लोणच्याचा डबा धरून कमरेत वाकले होते. मागे निळी जाकिटं घातलेली त्यांच्या ऑफिसातली माणसं. हिवाळा तोंडावर आला की कोरियातल्या इंचॉन शहराच्या या टेकडीवर समाजसेवा अशी रांगेने चढत येई. शाश्वत विकासाला हातभार म्हणून म्हाताऱ्यांना किमची वाटावी, हे सगळ्याच कंपन्यांना एकाच आठवड्यात सुचायचं.

"घ्या ना आजी, फोटोपुरती तरी," साहेब अजिजीने म्हणाले. "वरच्या साहेबांना दाखवावं लागतं."

"भीक नको, पण कुत्रं आवर, अशी गत झालीय माझी. हे बघ!"

आजींनी त्यांना अंगणात ओढलं. मिठात मुरवलेल्या कोबीचे ढीग निथळत पडले होते. तिखट, लसूण, मुळ्याचा कीस, सगळं तयार होतं. माणूस मात्र एकही नव्हतं.

"दरवर्षी माझ्याकडे किमजांग असतं. वस्तीतल्या बायका जमतात, हिवाळ्याची किमची घालतात, सुनांना नावं ठेवतात. यंदा एक फिरकली नाही. घरात फुकटचे डबे आल्यावर कोण कंबर मोडून घेईल?" आजींचा आवाज खाली आला. "किमचीचं काय रे, बाळा. मी माणसांची वाट बघत होते."

साहेबांना फार वाईट वाटलं. आपण इथे मदत करायला आलो की या बाईचं अंगण ओस पाडायला, हेच त्यांना कळेना. त्यांनी डबा खाली ठेवला आणि बाह्या सरसावल्या.

"साहेब, आपल्याला येतं हे?" नाम यून-बी कुजबुजली. ती हिशेब विभागातली. सकाळी कंपनीच्या मांडवात त्यांनी तयार कोबीला तयार मसाला फासला होता, तेवढंच.

जाकिटं खराब होतील म्हणून आजींनी सगळ्यांना आपल्या जुन्या फुलाफुलांच्या, कापूस भरलेल्या बंड्या घालायला दिल्या. साहेबांना गुलाबी आली. मग तिखट पानांत कमी आणि तोंडाला जास्त लागू लागलं. कुणी शिंकलं, कुणी डोळे चोळले आणि बोंब मारली.

भिंतीपलीकडून एक डोकं वर आलं. शेजारच्या बांग आजी. "मेंगबाई, ही कुठली जनावरं पकडून आणलीस? अरे, पानं सोडवून आतून लाव! आतून!" त्यांना राहवेना. हातमोजे चढवूनच त्या आल्या. त्यांची बडबड ऐकून वरच्या गल्लीतल्या आल्या. तासाभरात अंगणात पाय ठेवायला जागा नव्हती आणि साऱ्या वस्तीच्या सुनांचा उद्धार चालू होता. मेंग आजी डुकराचं मांस उकडत होत्या, वाफेचं निमित्त करून डोळे पुसत होत्या.

निघताना त्यांनी प्रत्येकाच्या हातात किमचीचं गाठोडं दिलं.

"आजी, आम्ही द्यायला आलो होतो," साहेब म्हणाले.

"किमजांगला राबलेला माणूस रिकाम्या हाताने जात नाही. गप घे."

तशीच फुलाफुलांच्या बंड्यांत, तिखटाने माखलेली मंडळी पायऱ्या उतरू लागली. दमून साहेब मध्येच बसले. तेवढ्यात खालून पिवळी जाकिटं चढत आली. प्रत्येकाच्या हातात किमचीचा डबा.

"काका, वर आणखी कुणी गरजू आहेत का?" पुढच्या तरुणाने हळव्या आवाजात विचारलं.

वरून बायकांच्या हसण्याचा आवाज येत होता. साहेबांनी एकवार तिकडे पाहिलं.

"नाही हो," ते म्हणाले. "गरजू सगळे आम्हीच. इथेच द्या."

यून-बीने तोंड उघडलं, साहेबांनी तिला कोपराने ढोसलं. मग ते उठले, दोन्ही हात पुढे केले आणि फोटो नीट यावा म्हणून मान चांगली खाली घातली.