एक बूट इथे, एक बूट तिथे

किल्ल्याच्या दारातल्या बाईने तिघांच्या हातात एकेक प्लास्टिकची पिशवी दिली, कमरेत वाकली आणि पायांकडे हात दाखवला. पुढच्या लोकांचं बघून हरेश आणि दिपेशने बूट काढून पिशवीत घातले. साईनाथ मात्र पिशवी धरून उभाच.

"घाल ना रे," हरेश म्हणाला.

"नाय. सूटवर पिशवी घेऊन फिरू? दोन वाजता पोरीचा बाप बघणार. म्हणंल, जपानात जाऊन भाजी आणतोय."

साईनाथचंही बरोबर होतं. किन्हवलीचा हा पोरगा दोन वर्षांपासून जपानमध्ये जेवणाचे डबे भरायच्या कारखान्यात होता, आणि तेवढ्या काळात तीन स्थळं 'एवढ्या लांब पोर द्यायची नाय' म्हणून फिरली होती. चौथं होतं मुरबाडच्या धाऊकाकांच्या मनस्वीचं. तिचा फोटो पाहिल्यापासून गड्याची झोप उडाली होती. बायोडाटात 'भाषेचा क्लास, कल्याण' असं लिहिलं होतं. तो त्याने इंग्रजीचा धरला आणि चार दिवस आरशासमोर 'नाइस टू मीट यू' घोकलं. धाऊकाकांनी फोनवर मुलगा बघायचं ठरवलं, तेव्हा मागे किल्ला दिसावा म्हणून सुट्टीच्या दिवशी दोन मित्रांना घेऊन तो या जुन्या गावात आला होता. गावाचं नाव तिघांपैकी एकालाही धड घेता येत नव्हतं.

"हितंच ठेवतो," साईनाथ म्हणाला. त्याने एक बूट दगडी भिंतीशी ठेवला आणि दुसरा वीस पावलांवरच्या झाडाखाली. "टिटवाळ्याला गणपतीला गेलो की असंच करतो. जोडी फुटली की चोर हात लावत नाय."

"डोकं आहे," दिपेश म्हणाला.

आतले लाकडी जिने इतके उभे होते, की मोज्यांवरून घसरत वर जाईपर्यंत तिघांना घाम फुटला. वरून उतरले तर दार भलतंच. आत जायची वाट एकीकडे आणि बाहेर यायची दुसरीकडे. मोज्यांवर खडी तुडवत साईनाथ किल्ल्याला वळसा घालून पुढच्या दाराशी आला. भिंतीशी बूट नव्हता. झाडाखालीही नव्हता.

"मेलो!" त्याने कपाळाला हात लावला. "चोरले!"

"जपानात?" हरेश म्हणाला. "हितं माझी छत्री आठ दिवस स्टेशनावर पडून होती, कोण हात लावला नाय."

"मग गेले कुठं? दोन जागचे दोन उचललेत. म्हंजे त्याला आयडिया माहीत होती. म्हंजे तो आपल्याकडचाच!"

तिघांनी आजूबाजूला पाहिलं. आपल्याकडचं म्हणावं असं तिथे ते तिघेच होते. हरेशचा बूट साईनाथच्या पायात शिरेना आणि दिपेशचा पायात राहीना. दोनला दहा मिनिटं होती. दिपेश आत पळाला आणि तपकिरी रंगाच्या सपाता घेऊन आला.

"एका दाराशी मांडून ठेवल्यात, फुकट. वर सोनेरी अक्षरं पण आहेत. किल्ल्याचं नाव असंल."

साईनाथने त्या घातल्या आणि ऐटीत उभा राहिला. येणारे-जाणारे त्याच्या पायांकडे बघायचे आणि झटकन मान फिरवायचे. एक म्हाताऱ्या आजीबाई थांबल्या, हसल्या आणि त्यांनी कोपऱ्यातल्या एका दाराकडे हात दाखवला. नवरदेवाला ओळखलं वाटतं, असं समजून साईनाथने त्यांना तीनदा वाकून नमस्कार केला.

दोनच्या ठोक्याला फोन वाजला. हरेशने तो लांब धरला. पडद्यावर धाऊकाका, त्यांच्या बायको सुंदराकाकी आणि मधे मनस्वी.

"जरा मागं सरा पावणं," धाऊकाका म्हणाले, "डोक्यापासून पायापर्यंत दिसूद्या."

साईनाथ मागे सरला.

"सूट झकास. पण पायात सपाता कशा?"

साईनाथने खाली पायांकडे पाहिलं. "काका, खोटं नाय बोलत. दाराशी बूट काढलं, आणि गेलं चोरीला."

हे स्थळही गेलं, असं साईनाथला वाटलं. आणि धाऊकाकांनी मांडीवर थाप मारली.

"अगो सुंदरा, ऐकलास? बूट गेलं! बुटाबरोबर पोराची पीडा गेली! तीन स्थळं मोडली ती तिच्यापायीच!"

"बघण्याच्या टायमालाच गेली," सुंदराकाकींनी हात जोडले. "चांगला शकुन आहे."

साईनाथच्या जिवात जीव आला. तेवढ्यात सायकलवरून एक पोलीस आला. हातांत पांढरे हातमोजे, दोन पारदर्शक पिशव्या आणि प्रत्येक पिशवीत एकेक बूट, वर चिठ्ठी. त्याने साईनाथचे पाय पाहिले, दोन आहेत ना ते नीट मोजलं आणि तोच गोंधळून गेला. मग वाकून त्याने दोन्ही पिशव्या पुढे केल्या.

"आता हे काय?" धाऊकाका ओरडले. "पीडा परत आली?"

"नाय नाय काका, हे माझं नाय..." साईनाथला रडू यायचं बाकी होतं. पोलीस भराभर काहीतरी विचारत होता. साईनाथ सगळ्याला जपानीत 'हाय, हाय', म्हणजे 'हो, हो' म्हणत होता, आणि त्यामुळे पोलीस आणखीच गोंधळत होता.

"फोन त्यांच्याजवळ न्या," मनस्वी एकदम म्हणाली, आणि अस्खलित जपानी बोलायला लागली. पोलिसाचा चेहरा खुलला. दोघं पाच मिनिटं बोलली. धाऊकाकांना काही कळलं नाही, आणि दोन वर्षं तिथे काढलेल्या साईनाथलाही नाही.

"इंग्रजीचा क्लास ना?" त्याने हळूच हरेशला विचारलं.

"त्यांना दोन जागी एकेक बूट सापडला," मनस्वी म्हणाली. "एका पायाची दोन माणसं हरवलीत की काय, म्हणून अर्धा तास शोधत होते. मी समजावलं, आपल्याकडे देवळात चोराच्या भीतीने जोडी अशी फोडून ठेवतात. मग त्यांनी विचारलं, हा माणूस तुमचा कोण?"

"मग?"

"म्हटलं, होणारा नवरा."

साईनाथने पोलिसालाच वाकून नमस्कार केला.

"अगो, मला न विचारता?" धाऊकाका म्हणाले. "पीडा परत आली त्याचं काय?"

"पीडा अशी पिशवीत घालून, चिठ्ठी लावून कोण आणून देतं का बाबा?"

धाऊकाकांनी बायकोकडे पाहिलं. काकी पदराआड हसत होत्या. ते सावकाश म्हणाले, "घाला मग बूट, पावणं."

"घाला," मनस्वी म्हणाली. "आणि त्या सपाता जिथून आणल्या तिथं ठेवून या. मघापासून अक्षरं वाचतेय मी."

"किल्ल्याचं नाव ना?"

"नाही. संडास."

साईनाथने दिपेशकडे पाहिलं. दिपेश केव्हाच किल्ल्याच्या मागे पसार झाला होता. आणि कोपऱ्यातल्या दाराकडे हात दाखवणाऱ्या त्या आजीबाई अजून तिथेच उभ्या होत्या.