फट क्रमांक चारशे सतरा

बंदरातल्या जुन्या शिडाच्या मालवाहू जहाजाचं संग्रहालय झालं, त्याला बारा वर्षं झाली. या काळात जहाज कुठेही गेलं नाही, याचं सगळं श्रेय व्यवस्थापक स्वतःकडे घेत.

त्यांची थोर कामगिरी म्हणजे नोंदवही. एकदा उत्साहाच्या भरात त्यांनी डोलकाठीपासून गंजक्या कडीपर्यंत प्रत्येक वस्तूवर पितळी बिल्ला ठोकला. तळाच्या फळीत वीतभर फट दिसली, तिच्यावरही ठोकला. क्रमांक चारशे सतरा. 'वादळात पडलेली फट, अस्सल' असा शेरा मारून खाली सही केली. नोंदलेल्या वस्तूत काडीचाही बदल करायचा नाही, हा नियमही त्यांचाच. बिल्ल्याच्या खिळ्याने फट हातभर झाली, ती गोष्ट वेगळी.

जहाजाचे सुतार म्हणजे त्यांचे सासरे. तीस वर्षं त्यांनी हे जहाज पोटच्या पोरीसारखं सांभाळलेलं. एका सकाळी ते ओल्या पायांनी कचेरीत आले.

"जावईबापू, पाणी घोट्याला लागलंय. थोडा कापूस, थोडं डांबर, तासाभराचं काम."

"मामा, फट बुजवली तर नोंद खोटी पडेल."

"आणि जहाज बुडालं तर?"

"त्याबद्दल नियम नाही."

बोलून गेले आणि व्यवस्थापकांना स्वतःचीच लाज वाटली. पण नोंद खोडायची तर 'मी गाढव आहे' असं संग्रहालयाच्या समितीला लेखी द्यावं लागणार. त्यापेक्षा पाणी उपसणं सोपं. पंप जहाजावरच होता, क्रमांक बावीस, काचेच्या पेटीत. 'हात लावू नये' ही पाटीही यांच्याच अक्षरातली! मग समितीला पत्र गेलं. समिती आली तोवर पाणी गुडघ्यापर्यंत चढलं होतं.

"हे पाणी किती जुनं?" अध्यक्षांनी आदराने विचारलं.

"आजचंच आहे हो!" सुतार कळवळले.

पाणी ऐतिहासिक नसल्यामुळे ते समितीच्या कक्षेत येत नाही, असा ठराव एकमताने झाला.

बुधवारी भर दुपारी जहाज बसायला लागलं. कंबरभर पाण्यात सासरे-जावई बादल्यांनी उपसत होते.

"मामा, चुकलो मी."

"रडा नंतर. आधी उपसा!"

सुतारांनी धक्क्याकडे बघून हाका मारल्या, "अहो, चार माणसं तरी या!" दोन-तीनशे माणसं फोन उंच धरून उभी होती. "काका, जरा बाजूला व्हा, मध्ये येताय," एकजण म्हणाला.

संध्याकाळपर्यंत 'जहाज वाचवा' या निवेदनावर चाळीस हजार सह्या पडल्या. पहिली व्यवस्थापकांची, शरमेने केलेली. दुसऱ्या पानावर तुमची आहे. जहाज बुडाल्यावर सव्वा तासाने केलेली.