त्रेसष्ट गाठोड्यांचं स्थलांतर

कागद हा माणसापेक्षा चिवट असतो. माणूस निवृत्त होतो, वारतो. त्याचा रजेचा अर्ज मात्र कपाटात ठणठणीत असतो. हे ओळखूनच सांगलीच्या एका हळद उत्पादक संघाने १९९६ साली आपलं जुनं दप्तर संगणकात हलवण्याचा दूरदर्शी ठराव केला. (ठरावाच्या सात प्रती काढल्या.)

त्यासाठी वडूजच्या दीक्षाला नेमलं. नेमणूक 'काम संपेपर्यंत' होती. म्हणजे जितकं चोख काम, तितक्या लवकर घरी. असा नियम सुचायला डोकं लागतं. दीक्षा चोख होती आणि तिला घरी बसायचं नव्हतं. दोन्ही गोष्टी तिच्या पोटात रोज भांडत.

दप्तरात त्रेसष्ट गाठोडी, अठरा हजार पत्रं. पैकी सात हजार 'आपले पत्र मिळाले' अशी, उरलेली 'आपले पत्र अद्याप मिळाले नाही' अशी. नियम स्वच्छ होते. मजकूर उंदराने खाल्ला असल्यास 'उंदराने खाल्ला' असे लिहावे. चहाच्या डागाचा आकार नमूद करावा (बशीएवढा अथवा लहान). नियम चार: संघाचा प्रत्येक कागद संगणकात गेलाच पाहिजे. नियम पाच: गेलेला मजकूर छापून, दप्तर सांभाळणाऱ्या सोपानमामांनी मुळाशी ताडून, शिक्का मारून फायलीला लावावा, कारण पडद्यावर शिक्का उमटत नाही. (मारून पाहिला होता.)

गाठोडं रिकामं झालं की मामा त्याचं लाल फडकं झटकून ठेवत. सहाव्या फडक्याची त्यांनी दोन मांडण्यांच्या मधे झोळी बांधली, आणि दीक्षाची चार महिन्यांची पायल तीत झोपू लागली. प्रिंटर किरकिरला की पायल गप्प, प्रिंटर थांबला की पायल सुरू. संघाच्या छपाईत त्यामुळे लक्षणीय वाढ झाली.

अकरा महिन्यांत त्रेसष्टावं गाठोडं सुटलं. तोवर पायल झोळीतून उतरून मांडणी धरून चालू लागली होती. शेवटच्या कागदाला अध्यक्ष नानासो नारळ घेऊन आले.

"झालं का गं काम?"

दीक्षा पायलच्या पावलांकडे बघत राहिली. मामा खाकरले.

"आवं नानासो, ह्ये छापल्यालं अठरा हजार कागद कुनाचं?"

"संघाचं. दुसऱ्या कुनाचं?"

"मग नियम चार काय म्हनतोय?"

नानासोंनी नियम मागवला. वाचला. चष्मा पुसून पुन्हा वाचला.

"म्हंजे ह्ये बी आत घालायचं?"

"घालायचं, छापायचं, म्या ताडायचं."

"आन् ते छापल्यालं?"

"ते बी संघाचंच की!"

"मग संपनार कवा रं, सोपाना?"

"आत्ता तर कुठं सुरू झालंय, आवं."

नानासो शिस्तीचे. त्यांनी नारळ परत पिशवीत टाकला. जाताना दीक्षाकडे बघून म्हणाले, "लय नशीबवान हाईस पोरी. एवढी पक्की खुर्ची माझीबी न्हाई."

दीक्षाने पायलला कडेवर घेतलं आणि पहिला कागद उचलला. अठरा हजारांतला पहिला. मामांनी शिक्क्याला शाई लावली.

यावर हसू आलं असेल तर जरा उठा आणि आपलं कपाट उघडा. खालच्या कप्प्यात शाळा सोडल्याचा दाखला असेल. तो हरवू नये म्हणून काढलेली झेरॉक्स असेल. आणि ती झेरॉक्स, हरवू नये म्हणून, त्याच दाखल्याच्या पिशवीत असेल.

आहे ना? मग ताडून घ्या. तुमच्याकडे तर सोपानमामाही नाहीत.