बाराव्या क्रमांकाचे मानकरी

बुडणाऱ्याला हात द्यावा असं माणसाला आतूनच वाटतं, आणि पोहणाऱ्याकडे कोणी ढुंकूनही बघत नाही. सगळी लोकशाही या एका गोष्टीवर उभी आहे. ज्यांना हे कळत नाही ते जाहीरनामे छापतात. आमच्या हाइथौ तालुक्यात जाहीरनामा कोणी छापत नाही. इथे उमेदवार सरळ बुडायला लागतो.

जिल्हा परिषदेवर हाइथौमधून अकरा जण निवडून जातात. मतदाराला मत एकच. पहिले अकरा आत, बारावा घरी. म्हणून मतदानाआधी बाराव्या क्रमांकावर असणं हा इथे सर्वांत मोठा मान समजला जातो. थोडक्यात हुकतंय, तुमच्या एका मतासाठी अडलंय, असं फक्त बारावाच म्हणू शकतो. मागच्या खेपेला एकोणीस उमेदवार उभे होते, आणि आदल्या दिवशी एकोणीसच्या एकोणीस बाराव्या क्रमांकावर होते. (पहिले अकरा क्रमांक रिकामे होते. तिथे उभं राहायला कोणी तयार नव्हतं.)

थोंग घराण्याने हाइथौची किती सेवा केली हे सांगायला नको. नदीतली वाळू त्यांची. ती वाहणारे ट्रक त्यांचे. त्या ट्रकांनी खचलेले रस्ते दुरुस्त करणारी कंपनी त्यांची, आणि रस्ता नीट दुरुस्त झाला का ते तपासणाऱ्या समितीवर त्यांचे साडू. शाळेचं दुपारचं जेवण, छापखाना, बालवाडी आणि माणूस मेल्यावर त्याला ठेवायचा हॉल, हेही त्यांचंच. माणूस थोंगांच्या बालवाडीत रडत शिरतो आणि थोंगांच्या हॉलमधून त्याच्यासाठी रडणारे बाहेर पडतात. मधल्या काळात त्याने दर चार वर्षांनी एक शिक्का मारावा, एवढीच काय ती अपेक्षा. ही अपेक्षा जास्त आहे असं म्हणणारा एक माणूस हाइथौत होता. तो आता ताइपेइला असतो.

यंदा सेवेचा भार इतका वाढला की घराण्यातून तिघांना उभं राहावं लागलं. एक, खुद्द थोंग वान-शुई साहेब, वय अडुसष्ट, पाच वेळा निवडून आलेले, परिषदेचे उपसभापती. दुसऱ्या त्यांच्या सूनबाई. थोरले चिरंजीव वाळूच्या खटल्यात साडेतीन वर्षांसाठी सरकारी पाहुणचार घेत होते, म्हणून त्यांच्या जागी. तिसरा पुतण्या को-हाओ. हा ऑस्ट्रेलियात शिकून आला होता. (काय शिकला ते विचारायची आपल्याकडे पद्धत नाही.)

एकाच घरचे तिघे उभे राहिले की एकमेकांची मतं खातात. त्यावर आमच्या पूर्वजांनी सोपी तोड काढून ठेवली आहे. मतं जन्ममहिन्यावरून वाटायची. जानेवारी ते एप्रिलमध्ये जन्मलेल्यांनी साहेबांना, मे ते ऑगस्टवाल्यांनी सूनबाईंना, उरलेल्यांनी पुतण्याला. यात कोणावर अन्याय होत नाही आणि कोणाला विचार करावा लागत नाही.

हे वाटप ज्याच्या जिवावर चालतं त्याला खुंट म्हणतात. त्याला मतं बांधलेली असतात, आणि तो स्वतः घराण्याच्या दारात रोवलेला असतो.

ओउ थ्येन-लाइ हे असे एक खुंट. वय एकसष्ट, खताचं दुकान, देवळाच्या समितीवर खजिनदार. सगळे त्यांना लाइकाका म्हणत. लाइकाकांकडे तीनशे बारा मतं होती. कोणाचा जन्म कधीचा, कोणाचा मेव्हणा कोणावर रुसला आहे, कोणाला टॉवेल दिलेला चालतो आणि कोणाला साबणाची पेटीच लागते, हे त्यांना तोंडपाठ होतं. (पाकिटं वाटणं कायद्याने गुन्हा आहे आणि हाइथौत कायदा पाळतात. टॉवेलाबद्दल कायदा काय म्हणतो ते कोणी वाचलेलं नाही.) त्यांनी सांगितलेला आकडा आणि पेटीतून निघालेला आकडा यांत चोवीस वर्षांत कधी चारपेक्षा जास्त फरक पडला नव्हता. हवामान खात्याने त्यांच्याकडे शिकायला माणूस पाठवायला हरकत नव्हती.

लाइकाकांना एकच काळजी होती. त्यांची मुलगी पेइ-रू शेतकरी संघाच्या कर्जाच्या खिडकीवर आठ वर्षं तात्पुरती होती. नेमणूक दर तीन महिन्यांची. म्हणजे बत्तीस वेळा तिची नोकरी गेली होती आणि बत्तीस वेळा दुसऱ्या दिवशी सकाळी ती पुन्हा रुजू झाली होती. ती चौतीस वर्षांची होती. तिचं लग्न एकदा ठरलं होतं, पण मुलाच्या आईने विचारलं, "कायम आहे का?" नोकरीबद्दल विचारलं होतं. ते तिथेच थांबलं.

साहेबांनी लाइकाकांना चहाला बोलावलं. उकळतं पाणी छोट्या किटलीवर ओतत ते म्हणाले, "थ्येन-लाइ, तुझ्या शाळेतल्या केंद्रावर मला एकशेचार मतं. पडली की पेइ-रूची कायमची ऑर्डर. नाही पडली तर..."

साहेबांनी वाक्य पुरं केलं नाही, पेला भरला. मोठी माणसं वाक्य पुरं करत नसतात. ते काम खालच्यांचं.

लाइकाका घरोघर फिरले. आ-हुई आजी दारात बसून कालवं फोडत होत्या.

"आजी, तुमचा जन्म कुठल्या महिन्यातला?"

"कुठला सांगू? आई सांगायची तो, का कार्डावरचा?"

"कार्डावर काय आहे?"

"एप्रिल. पण बाप नोंद करायला गेला तो हंगाम उरकल्यावर. खरा फेब्रुवारी. चंद्राचा महिना धरलास तर पहिला."

"तिन्ही साहेबांचेच आहेत, आजी."

"मग विचारलंस कशाला? टॉवेल ठेव आणि नीघ."

दहा दिवस आधीपर्यंत सगळं असं सुरळीत चाललं होतं. मग एका सकाळी सूनबाई भाजीबाजारात आल्या, दोन मुलांना पुढे घेतलं आणि मासळीच्या पाण्यात गुडघ्यांवर बसल्या. ध्वनिक्षेपकातून म्हणाल्या, "मी बारावी आहे. मी हरले तर ही मुलं बापाला काय सांगतील?" (भेटीचा दिवस दर गुरुवारी होता. तेव्हा सांगता आलं असतं.) बाजारात एक बाई अशी उरली नाही की जिने पदर... जिने ॲप्रन डोळ्याला लावला नाही. लोकांनी सूनबाईंच्या गळ्यात मुळ्यांची माळ घातली. मुळा शुभ असतो.

दुसऱ्या दिवशी पुतण्याने डोकं भादरलं आणि अनवाणी चोवीस किलोमीटर चालला. मागून रुग्णवाहिका होती. तीही थोंगांचीच. आता बाराव्या क्रमांकावर एकाच घरातले दोघे झाले, आणि साहेब मागे पडले. म्हणजे पुढे गेले.

लाइकाका धावत साहेबांकडे गेले. "साहेब, आता तुम्हीही बुडायला पाहिजे."

"मी पाच वेळा निवडून आलोय. बुडतोय असं कुठल्या तोंडाने सांगू? ते नवीन पोरांनी करावं."

त्याच आठवड्यात सहा हजार घरांत एक पत्रक पडलं. त्यावर मोठ्या लाल अक्षरांत छापलं होतं: अभिनंदन, थोंग वान-शुई पहिल्या क्रमांकावर.

हाइथौच्या राजकारणात इतका नीच हल्ला आजवर कोणी केला नव्हता. मागे एका उमेदवाराबद्दल त्याला दुसरी बायको असल्याचं पत्रक निघालं होतं. त्याची नऊशे मतं वाढली. दुसऱ्या एकाने देवळाचे पैसे खाल्ल्याचं निघालं. तो सभापती झाला. पण जिंकतोय असा आरोप झालेला माणूस उठून उभा राहिल्याचं उदाहरण नाही. साहेब तडक पोलीस चौकीत गेले.

"बदनामीची तक्रार घ्या."

निरीक्षकाने पत्रक दोनदा वाचलं. "साहेब, यात बदनामी कुठे आहे? तुम्ही जिंकताय असं लिहिलंय."

"खोटं आहे ते."

"मग तुम्ही हरताय असं लिहून घेऊ का?"

साहेबांनी तोंड उघडलं आणि मिटलं. तो शब्द काही निघेना. तक्रार नोंदवली गेली नाही. पत्रक कोणी काढलं याचा तपासही लागला नाही. छपाई घरच्याच छापखान्यातली होती आणि ऑर्डर सूनबाईंच्या सहीची होती, हे सगळ्यांना माहीत असल्यामुळे तपासाची गरज पडली नाही.

लाइकाका आता दिवसभर स्कूटरवर असत. केशकर्तनालयात त्यांनी कौ-पिंगला गाठलं. कौ-पिंग मार्चचा.

"साहेब धोक्यात आहेत रे."

"साहेब? काका, त्यांच्या वाळूच्या ट्रकसमोर मी सायकल चालवतो. धोक्यात मी आहे."

"बारावे आहेत म्हणतो ना."

"बारावी सूनबाई आहे. मी डोळ्यांनी रडताना पाहिली. साहेब कधी रडलेत?"

"तू मार्चचा आहेस. टॉवेल घेतलायस."

"टॉवेल साहेबांचा, पण दया माझी स्वतःची आहे की नाही? बिचारीला दोन पोरं आहेत, काका."

रात्रीच्या जेवणाला पेइ-रूने बापाच्या वाटीत भात वाढला. "बाबा, तुम्ही जूनचे ना? मग तुमचं मत सूनबाईला."

"यंदा मी जानेवारीतला."

"आणि मी?"

"तूही. आईही."

"तिघं एकाच महिन्यात जन्मलो तर," पेइ-रू म्हणाली. "उरले एकशे एक. पन्नाशीपर्यंत तरी मला कायम कराल ना?"

लाइकाकांनी भात तसाच ठेवला.

शेवटी मतदानाच्या आदल्या दुपारी साहेब कबूल झाले. देवळासमोरच्या पटांगणात त्यांना दोघांनी धरून खाली बसवलं. उजव्या गुडघ्याची वाटी दोन वर्षांपूर्वी बदललेली होती. साहेब म्हणाले, "मीही... बारावा आहे." आणि मग उठता येईना. धरणारे दोघे ध्वनिक्षेपकाची वायर सोडवायला गेले होते. अकरा मिनिटं साहेब गुडघ्यांवर होते. पटांगणात टाळ्या सुरू झाल्या त्या थांबेनात.

लाइकाकांच्या डोळ्यांत पाणी आलं. जमलं, असं त्यांना वाटलं.

आ-हुई आजी शेजारणीला म्हणाल्या, "एवढा मोठा माणूस आणि किती नम्र बघ. हा पडतो कसला? माझं मत इथे वाया कशाला घालू?" आणि दुसऱ्या दिवशी त्यांनी सूनबाईंना शिक्का मारला. पटांगणात जमलेल्या बहुतेकांनी हाच विचार स्वतंत्रपणे केला. आमचे मतदार सुजाण आहेत.

केंद्राची मोजणी केंद्रावरच, शाळेच्या तिसरीच्या वर्गात झाली. अधिकारी एकेक मतपत्रिका वर धरून नाव पुकारतो आणि भिंतीवरच्या कागदावर रेघ ओढली जाते. पाच रेघा झाल्या की एक अक्षर पुरं होतं. सूनबाईंचा कागद भरला आणि खाली दुसरा चिकटवावा लागला. साहेबांच्या नावापुढे एक अक्षर पुरं झालं, दुसऱ्याला एक रेघ कमी पडली. नऊ. लाइकाकांना त्यांतली तीन माहीत होती. उरलेले सहा कोण, हे कळलं असतं तर त्यांनी जाऊन आभार मानले असते.

सूनबाई सबंध जिल्ह्यात पहिल्या आल्या. पुतण्या तिसरा. साहेब एकसष्ट मतांनी बारावे. थोंग घराण्याच्या इतिहासात त्या क्रमांकावर प्रथमच खरोखर कोणीतरी होतं.

हरल्यावरही उघड्या गाडीतून आभाराची फेरी काढावी लागते, तशी साहेबांनी काढली. प्रत्येक दारातून लोक हात जोडून सांगत होते, "साहेब, मी तुम्हालाच दिलं." त्या फेरीतली मतं धरली तर साहेब बिनविरोध निवडून आले होते.

घराण्याची सेवा मात्र खंडित झाली नाही. महिन्याभरात साहेब शेतकरी संघाचे अध्यक्ष झाले. तिथे जनतेचा त्रास नसतो. अकरा संचालकांपैकी नऊ नातेवाईक, दहावा साहेबांचा ड्रायव्हर आणि अकरावा स्वतंत्र विचारांचा. (त्याने हात जरा उशिरा वर केला.) त्यामुळे पेइ-रूची ऑर्डर आता कोणाच्या शब्दावर नाही, थेट साहेबांच्याच सहीवर आली.

लाइकाका तिसऱ्या दिवशी गेले. साहेबांनी किटलीवरून नजर काढली नाही.

"नऊ," साहेब म्हणाले.

"होय, साहेब."

"चोवीस वर्षं मी तुला कामाचा माणूस समजत होतो."

"मी संपलो, साहेब. माझं आता कोणी ऐकत नाही. दुकान मोडतो, गाव सोडतो. पोरीला तेवढं..."

लाइकाकांचे गुडघे शाबूत होते. ते एका दमात खाली बसले आणि कपाळ फरशीला लावलं. हे त्यांनी ठरवून केलं की आपोआप झालं, ते त्यांनाही सांगता आलं नसतं.

साहेबांनी किटली खाली ठेवली. त्यांचा स्वतःचा गुडघा अजून सुजलेला होता.

"ऊठ. फरशी गार आहे," ते म्हणाले. "सोमवारी ऑर्डर न्यायला सांग तिला. आणि चार वर्षांनी..."

"एकशेचार, साहेब," लाइकाकांनी वाक्य पुरं केलं.

सोमवारी पेइ-रू कायम झाली. तिच्या आईने शेवया शिजवल्या. त्या मुलाच्या आईचा फोनही आला म्हणतात.

बरं वाटलं ना? बापाचा जीव भांड्यात पडला, आठ वर्षं लोंबकळलेली पोर मार्गी लागली. वाचताना तुम्ही मनातल्या मनात मतं मोजत होतात, थोंगसाहेबांना एकशेचार पडावीत म्हणून. आता राहिलेलं ऐका. शेतकरी संघाच्या त्या कायम जागेसाठी रीतसर परीक्षा असते. यंदा त्रेसष्ट जण बसले. पेइ-रू अठ्ठावन्नावी आली. पहिली आलेली मुलगी मिठागरापलीकडच्या वस्तीतली. तिच्या घरचं कोणी निवडणुकीला उभं नसतं आणि कोणी कोणाला बांधलेलं नाही. निकाल लागल्यापासून तिला पत्र येईल असं सांगतात, आणि ती रोज दुपारी टपालवाल्यासाठी रस्त्यापर्यंत चालत येते. तिचं नाव या गोष्टीत कुठेच आलं नाही. तुम्हीही विचारलं नाहीत.